तिरके पट्टे

घरात कामाचं बोलायचं नाही, हा नियम शूचिननेच घातला होता. ती आणि तिचा नवरा यीबो एकाच गोष्टीच्या मागे लागलेले होते, फक्त सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दोन काठांवरून. ती अलीकडे, टेकडीवरच्या प्रयोगशाळेत; तो रोज पूल ओलांडून पलीकडच्या संस्थेत. दोघांचे प्रोफेसर परिषदेत भेटले की हसून हात मिळवत आणि पाठ वळली की एकमेकांच्या पेपरांत चुका शोधत. अशा घरात बोललं तर भांडण होणार, नाहीतर त्याहून वाईट, चोरी. म्हणून नियम. टेकडीखालच्या आल्बनीतल्या दोन खोल्यांच्या घरात भाजी, व्हिसा, शेजाऱ्यांचा कुत्रा, चोंगचिंगचे नातेवाईक, सगळ्यावर बोलायची मुभा होती. इलेक्ट्रॉनवर नव्हती.

दोघांनी तो नीट पाळला. सासूबाई येईपर्यंत.

सासूबाई म्हणजे यीबोची आई. चोंगचिंगच्या शाळेत उभं आयुष्य व्यायाम शिकवलेली बाई. आवाज मैदानावरचा आणि कान मांजराचे. हिवाळा काढायला म्हणून आल्या आणि आठवडाभरात त्यांनी बागेत मैत्रिणी जमवल्या, एल सेरिटोच्या बाजारात खरी झणझणीत मिरी कुठे मिळते ते हुडकलं आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नियमाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एका रविवारी संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "काय रे यीबो, दुपारी फोनवर कुणावर ओरडत होतास? 'पट्टेच आहेत, त्रिकोण नाहीत, अर्ध्यावर पट्टेच आहेत!' मला वाटलं शर्ट विकत घेतोयस."

यीबोच्या चॉपस्टिकमधला टोफू वाटीत पडला.

"आई, जेव तू."

"जेवतेच आहे. चौकड्या घे, तुला चौकड्या शोभतात. पट्ट्यांत आणखी हडकुळा दिसशील."

शूचिन वाटीत बघत राहिली. कानशिलं तापली होती. तिने मान वर केली असती तर यीबोला सगळं कळलं असतं. म्हणून तिने भाताचं शेवटचं शीत संपेपर्यंत मान वर केली नाही.

तिचं काम असं होतं. तीन-तीन अणूंच्या जाडीचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवायचे. दोघांची वीण किंचित वेगळी असते, त्यामुळे दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की दिसते तशी मोठी नक्षी उमटते आणि त्या नक्षीत खळगे तयार होतात. सगळं हेलियमच्या थंडीत नेलं की इलेक्ट्रॉन या खळग्यांत जाऊन बसतात, आणि बसतात तेही एकमेकांचं तोंड बघायला नको अशा बेताने, जमेल तेवढे लांब. खळगे थोडे भरले तर त्रिकोणांची रांगोळी होते. अर्धे भरले तर काय होतं, याबद्दल कागदावर गणितं पुष्कळ होती, पण या जातीच्या पापुद्र्यांत ते प्रत्यक्ष बघायला खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं जीव टाकत होती. यीबोची मंडळी प्रकाश टाकून आडून अंदाज घेत. शूचिन सुईने चित्र काढे. उघडी सुई जवळ नेली की इलेक्ट्रॉन बिचकून जागा सोडतात, म्हणून पापुद्र्यांवर कार्बनचा एक अणुभर जाडीचा पडदा घालायचा आणि सुईने तो पडदा चाचपायचा. खाली कोण कुठे बसलंय ते पडद्यावरून कळतं.

आणि अर्ध्यावर तिला तिरके पट्टे दिसले होते! बऱ्याच दिवसांपूर्वी. पण सुईसुद्धा ओळी-ओळींनीच फिरते. चित्रात पट्टे आले की या धंद्यातला कुणीही आधी सुईवर संशय घेतो; नाहीतर खालून गेलेल्या ट्रकवर. तिच्या प्रोफेसर मार्गो लिंडक्विस्ट यांनीही एक नजर टाकून म्हटलं होतं, "सुई बदल." शूचिनने ते चित्र कचऱ्याच्या फोल्डरमध्ये ढकललं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडी जवळजवळ धावतच चढली. कोट न काढता तिने ते चित्र परत उघडलं. पट्टे तिथेच होते, शांतपणे तिरके.

खरंखोटं करायची रीत साधी होती. पट्टे सुईचे असतील तर सुईची चाल वळवली की तेही वळतील. तिने चाल वळवली आणि खुर्चीत बसून राहिली. चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ उतरत होतं आणि ती अंगठ्याचं नख कुरतडत होती. पट्टे वळले नाहीत. तिने आणखी वळवली. नाहीत. इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी कमी केली, तर पट्टे विस्कटले. पुन्हा अर्ध्यावर आणली, तर निमूट रांगेत उभे राहिले.

या क्षणाची ती कित्येक वर्षं वाट बघत होती. पण आपण परत बघितलं ते कशामुळे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मार्गो सफरचंद खात आल्या. साठीच्या, उंच, सुट्टीत कडे चढणाऱ्या बाई. पडद्यापुढे उभ्या राहिल्या आणि चावायच्या थांबल्या.

"चाल वळवलीस?"

"दोनदा."

"शूचिन! अगं, मी तर हे फेकून दिलं होतं. तू परत का बघितलंस?"

"असंच," शूचिन म्हणाली.

त्या 'असंच'ने पुढे तिचा जीव खाल्ला. मार्गोंनी लिहायला बसवलं होतं. रोज आकृत्या, रोज दुरुस्त्या, आणि दर वाक्याला तिला सासूबाईंचा आवाज ऐकू येई. घरी यीबो समोर बसून गाजराच्या सालीही मन लावून काढत होता. तोही हल्ली नीट झोपत नव्हता. दोघं एकमेकांना मीठ, सोया सॉस, टिश्यू देत होती आणि नजर चुकवत होती. शूचिनचं जेवण तुटलं. सासूबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं, आणि त्यांनी लाल खजुरांचं सूप उकळायला घातलं.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकंच हळू. "काही बातमी आहे का?"

"नाही हो आई."

"मला सांगायला काय लाजतेस? वास नकोसा होतो का?"

"आई, खरंच नाही. कामाचा ताण आहे."

"यीबोही तेच म्हणतो. मग तुम्हा दोघांना एकाच वेळी कसला ताण आला?" सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली. "पी. ताण असला तरी पी."

शेवटी तिने मार्गोंना सांगून टाकलं. दोघी हेलियमच्या टाकीजवळ उभ्या होत्या. पंपाची घरघर चालू होती, म्हणून सांगायला सोपं गेलं. मार्गोंनी सगळं ऐकलं आणि त्यांना आधी हसूच आलं.

"म्हणजे तुझ्या सासूबाईंचं नाव आभारात घालायला हवं."

"मार्गो, मी हसायच्या मनःस्थितीत नाही."

"बरं, नाही हसत. तू काही चोरलेलं नाहीस. एक बाई जेवताना बडबडली. चित्र तुझं, सुई तुझी, पुरावा तुझा."

"पण त्यांचं कानावर आलं नसतं तर मी उघडून बघितलं नसतं. यीबोला हे कळायला हवं."

मार्गो म्हणाल्या, "सांगितलंस तर आपली आघाडी गेली. तुझी नोकरी शोधायची वेळ आहे, माझी नाही; म्हणून मी अडवणार नाही. पण तुझ्या जागी मी असते तर सांगितलं नसतं, हेही ऐकून ठेव."

शनिवारी सकाळी ती यीबोला खाडीकाठी फिरायला घेऊन गेली. ओहोटी होती. चिखलात पक्षी चोची खुपसत होते आणि कुणाचे तरी कुत्रे त्यांच्यावर धावून जात होते. यीबो खिशात हात घालून चालत होता.

"यीबो, मी नियम मोडतेय."

"नको मोडूस."

"मोडून झालाय. आईंनी मोडलाय. शर्टाच्या वेळी."

तो थांबला. तिने सगळं सांगितलं, कचऱ्याच्या फोल्डरपासून. तो वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसला.

"तुझ्याकडे चित्र आहे? पट्ट्यांचं?"

"आहे."

"डोळ्यांनी दिसतात?"

"एकेक दिसतो."

यीबोच्या चेहऱ्यावर आधी असा आनंद पसरला की शूचिनला लग्नाआधीचा, होस्टेलच्या जिन्यात भेटणारा यीबो दिसला. मग तो आनंद ओसरला. "आम्ही वर्षभर भिंतीला कान लावून बसलोय," तो म्हणाला, "आणि तुझ्याकडे चित्र. मग मला सांगितलंस कशाला? गुपचूप टाकायचा होता पेपर. मी हरलो असतो, दोन दिवस तोंड पाडून बसलो असतो, संपलं असतं."

"तुझ्या बोलण्यावरून मला कळलं होतं. गुपचूप कसा टाकू?"

"आता मी माझ्या प्रोफेसरला काय सांगू? सांगितलं तर तो धावत सुटणार. नाही सांगितलं आणि उद्या त्याला कळलं, तर म्हणणार आमचं काम बायकोला विकलं. माझ्या व्हिसाचं पत्र त्याच्या सहीचं आहे, शूचिन. मन तू मोकळं केलंस, निस्तरायचं मी!"

तिला वाटलं होतं, सांगितलं की बरं वाटेल. परतताना दोघांमध्ये एक माणूस सहज चालला असता एवढं अंतर होतं.

यीबोने सोमवारी त्याच्या प्रोफेसरांना, डेलमार प्राइस यांना सांगितलं. प्राइसनी मार्गोंना फोन केला. दोघं पुष्कळ वेळ बोलले, एकमेकांचं कौतुक केलं आणि असं ठरलं की दोन्ही पेपर एकाच दिवशी, येत्या गुरुवारी, नेटवर टाकायचे. कोणी पहिलं नाही, कोणी दुसरं नाही. मार्गो फोन ठेवून म्हणाल्या, "सरळ वागला बुवा." शूचिनला त्या दिवशी भूक लागली. सासूबाईंनी तिच्या वाटीत मांस वाढता वाढता यीबोला डोळ्याने खूण केली.

बुधवारी दुपार उलटून गेल्यावर मार्गो प्रयोगशाळेत आल्या. हातात सफरचंद नव्हतं.

"त्यांनी टाकला."

"काय?"

"प्राइसने. आज. आत्ता यादीत दिसला. नावं आहेत सगळ्यांची." मार्गोंचा आवाज अगदी सपाट होता. "तुझ्या नवऱ्याचंही."

शूचिनने पेपर उघडला. दुसऱ्या ओळीत यीबोचं नाव होतं. खाली टीप होती, की असंच काही दुसऱ्या एका गटालाही आढळल्याचं समजतं. समजतं! तिने यीबोला फोन केला, बंद होता. मग ती उठली आणि घरी निघाली. बसमध्ये बसवेना, म्हणून दोन थांबे आधीच उतरून चालत सुटली.

सासूबाई सिंकजवळ मातीचा घडा घासत होत्या. शूचिनचाच घडा. तिने चार दिवसांपूर्वी त्यात गोड भात आंबवायला घातला होता, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून हीटरजवळ ठेवला होता.

"आई, यीबोचा फोन आला होता?"

"आला होता की, बाराच्या सुमाराला. कुजबुजत होता, संडासात उभा राहून बोलावं तसा. तुला निरोप होता, पण मीच उरकावं म्हटलं. तू कशाला दमून येऊन करतेस?"

"काय निरोप?"

"म्हणाला, शूचिनला म्हणावं, झाकून ठेवलंय ते आजच्या आज टाक. उद्यावर ठेवू नको. चारच्या आत टाक, म्हणाला." सासूबाईंनी घडा पालथा घातला. "मला नवल वाटलं. वास तर छान येत होता गं, दोन दिवसांत तयार झाला असता. पण एवढं निक्षून सांगतोय म्हटल्यावर टाकला. आज कचरेवाला येतो ना चारला."

शूचिन खुर्चीवर बसली. पोटातून हसू वर आलं आणि ते हसू राहिलंच नाही. सासूबाई ओल्या हातांनीच धावल्या.

"अगं, अगं! भातासाठी रडतात का? मी करून देते दुसरा! काय बाई, काही तरी आहेच तुला. मी पहिल्यापासून म्हणतेय!"

यीबो नेहमीच्या वेळी आला. शूचिन दारातच उभी होती.

"निरोप मिळाला नाही का तुला?" त्याने विचारलं.

"भाताला मिळाला."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, बाहेर जायचा कोट चढवला आणि प्रथमच एकही शब्द न बोलता शेजारणीकडे निघून गेल्या.

"प्राइसने सकाळीच ठरवलं, आजच चारला टाकायचा," यीबो बूट काढता काढता म्हणाला. "म्हणाला, संपादक आधी आलेलाच धरतात. मी वाद घातला. खरंच घातला. तर म्हणाला, बाहेर शब्द गेला तर तुझं पत्र तू बघ. दिवसभर मला शेजारी बसवून ठेवलं. मी तेवढ्यात..."

"तेवढ्यात संडासात जाऊन आईला कोडं घातलंस."

"मग काय करायला हवं होतं?"

"मला फोन. एक शब्द. 'टाक' म्हणाला असतास तरी मला कळलं असतं. मला कुणी सांग म्हटलं नव्हतं यीबो, तरी मी तुला सांगितलं. तुला सांगू नको म्हटलं, तर तू अर्धंच सांगितलंस."

"तुझी मार्गो आहे. तिने तुला विचारलं, काय करायचंय तुला. मला कोण विचारतं?"

त्याचं खरं होतं, आणि त्याचाच शूचिनला राग आला. ती आतल्या खोलीत जाऊन बसली. तिला समजत होतं की तो घाबरला होता. त्याने काहीच केलं नाही असं म्हणता येत नव्हतं आणि केलं असंही म्हणवत नव्हतं. तेच तिला छळत होतं.

मार्गोंनी त्यांचा पेपर गुरुवारी ठरल्याप्रमाणे टाकला. "दुसऱ्या असू," त्या म्हणाल्या, "पण चित्र आपलं आहे." प्राइसशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत, परिषदेत समोर आले तरी चहाच्या रांगेतून निघून जात. पुढे दोन्ही पेपर छापून आले. पलीकडच्यांच्या पेपरला परीक्षकांनी विचारलं, की प्रकाशाने दिशा कळते, पण पट्टेच आहेत कशावरून? त्यांना शूचिनच्या चित्राचा हवाला द्यावा लागला. शूचिनला परीक्षकांनी विचारलं, सुईचा परिणाम नाही कशावरून? तिनेही यीबोच्या पेपरचा हवाला दिला, आणि तो टाइप करताना नावातलं एक अक्षर दोनदा चुकलं. परिषदांत बोलायला बोलावतात तेव्हा मात्र आधी पलीकडच्यांना बोलावतात. त्या हंगामात तिने तीन ठिकाणी अर्ज केले, एकही लागला नाही. मार्गोंनी तिला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं.

सासूबाई वसंतात परत गेल्या. विमानतळावर त्यांनी दोघांना दोन बाजूंना धरलं आणि म्हणाल्या, "माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा." दोघंही एकदम "नाही" म्हणाली.

यीबो पत्राची वाट बघत बसला नाही. फ्रीमाँटमध्ये चिप तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्याला जागा मिळाली, त्यांनी व्हिसाही केला, आणि एके दिवशी त्याने प्राइसच्या टेबलावर किल्ली ठेवली. "तुझ्यासाठी सोडलं नाही," तो शूचिनला म्हणाला. "तसं समजून उपकार घेऊ नकोस." पगार चांगला होता. सहाला घरी येई, स्वयंपाक करी, काम कसं आहे विचारलं तर "बरं आहे" म्हणे. पण सकाळी ट्रेनमध्ये तो अजून नव्या पेपरांची यादी बघतो हे तिला माहीत होतं. आता नियमाची गरज उरली नव्हती, तरी कोणी काही बोलत नव्हतं. ती रोज टेकडी चढायची आणि रोज तिला वाटायचं, की आपण सांगितलं नसतं तर तो अजून पलीकडे असता.

एका शनिवारी भांडी घासता घासता ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"वर. यंत्र दाखवते."

एवढ्या वर्षांत त्याने ते बघितलं नव्हतं. यीबोने हात पुसले, शर्ट बदलला. टेकडीवर ऊन होतं, खाली खाडीवर धुकं. तळघरात पंपाची घरघर चालू होती. नवा नमुना आत होता, थंड झालेला. यीबो यंत्राभोवती दोनदा फिरला, नळ्या बघितल्या, कंप शोषायला यंत्राखाली ठेवलेले रबरी ठोकळे वाकून बघितले, कशालाही हात लावला नाही.

"एवढंसं?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं मोठं असेल."

"आमचं छोटंच आहे. पैसे तुमच्याकडे होते."

तो हसला नाही, पण खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. तिने सुई सुरू केली. चित्र वरून उतरायला लागलं. पहिली ओळ, मग दुसरी. पिवळे ठिपके एकामागून एक. दोघं गुडघ्यांवर कोपरं टेकून बघत राहिली. निम्मं चित्र झालं आणि यीबो पुढे वाकला.

"थांब. ही जागा रिकामी का?"

"कुठली?"

"ही. रांग सरळ आलीय आणि इथे कोणीच नाही. आणि बाजूचा बघ, किंचित सरकलाय. तुझ्या आधीच्या चित्रांत असं होतं?"

शूचिनने आधीची चित्रं उघडली. तिच्या लक्षात आलं नव्हतं. एकात नव्हतं, दुसऱ्यात होतं, आणखी एकात दोन जागी होतं.

"नमुन्यातला दोष असेल," ती म्हणाली.

"दोष जागा बदलत नाही."

"मग?"

"मला काय विचारतेस? मी चिप तपासतो." पण त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली होती. "थोडे इलेक्ट्रॉन कमी कर बघू. अगदी थोडे."

तिने नॉब फिरवला.